बोक्याचं बाळंतपण

मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथं उपचाराला येतात, त्यांच्याबरोबर डबे, वळकट्या आणि नातेवाईक येतात. त्यामुळे ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी आणल्यावर काय करायचं, हे आमच्या गल्लीत शाळकरी पोरालाही सांगता येतं. मऊ भात, नारळपाणी, कोमट पाण्यानं अंग पुसणं, कण्हायला लागला तर एक गोळी. शिवाय भेटायला येणाऱ्यांची रांग. आमच्या बंड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हे सगळं ज्ञान घेऊन शेजारीपाजारी आमच्या दारात हजर झाले. कुणी दूध आणलं, कुणी हळद आणली. समोरच्या काकू तर हसत म्हणाल्या, "हे काय हो, बोक्याचं बाळंतपण काढलंय तुम्ही! आता डिंकाचे लाडूही करा."

बंड्या म्हणजे आमचा बोका. आणि त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं, की माणसाच्या शुश्रूषेचं आपलं जे शहाणपण आहे, त्यातलं फारच थोडं मांजराच्या कामाचं आहे. उरलेलं निरुपयोगी, आणि काही तर थेट जिवावर बेतणारं. या बाळंतपणात करायच्या गोष्टी थोड्या आणि न करायच्या गोष्टी पुष्कळ. त्याच आज सांगायच्या आहेत. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण यातल्या दोन चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून बोलायचा थोडा अधिकार आहे.

आधी ऑपरेशन का केलं ते सांगतो. बंड्या एका पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली सापडला. तांबूस, पांढऱ्या पोटाचा, मुठीएवढा. आठ महिन्यांचा झाला आणि त्याची चाल बदलली. दाराच्या चौकटीला पाठ लावून, शेपूट ताठ उभी करून तो मुताची पिचकारी मारायला लागला. माझ्या न खपलेल्या कवितासंग्रहांचे गठ्ठेही त्यातून सुटले नाहीत. वयात आलेल्या बोक्याच्या मुताचा वास साध्या धुण्यानं जात नाही. ही घाण नव्हे, ही त्याची नावाची पाटी. इथं मी राहतो, असं तो इतर बोक्यांना सांगत असतो. मग रात्र रात्र बाहेर राहणं सुरू झालं, आणि एके सकाळी तो फाटका कान घेऊन घरी आला.

तो कान बघून मला मन्या आठवला. मन्या आमचा आधीचा बोका. २००३ सालच्या पावसाळ्यात तोही असाच मारामारी करून आला होता. चावा लागलेल्या जागी गळू झालं होतं, अंग तापलं होतं. दोन दिवसांत तो गेला. जखमेनंच गेला, अशी आमची समजूत होती. पुन्हा ते बघायचं नाही, असं बायको म्हणाली आणि आम्ही बंड्याला डॉक्टरांकडे नेलं.

या ऑपरेशनला आपण सरसकट नसबंदी म्हणतो. सरकारी भाषेत निर्बीजीकरण. बैलाच्या बाबतीत खेड्यात जो शब्द वापरतात, तो तर आता राजकारणाच्या बातम्यांत जास्त दिसतो: खच्चीकरण. यातला नसबंदी हा शब्द फसवा आहे. माणसाच्या नसबंदीत फक्त बीज वाहून नेणाऱ्या नळ्या कापून बांधतात, वृषण जागेवर राहतात. बोक्याचे मात्र दोन्ही वृषण काढतात. कारण मारामाऱ्या, भटकणं, पिचकाऱ्या हे सगळं वृषणात तयार होणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक करवून घेतं. नुसत्या नळ्या बांधल्या तर पिल्लं होणार नाहीत, पण दंगा तसाच राहील. बोक्याच्या बाबतीत ऑपरेशन छोटं असतं. गुंगी दिल्यावर खरी कापाकापी काही मिनिटांची. त्वचेला बारीक छेद देतात, वृषण बाहेर काढतात आणि रक्तवाहिनी व बीजवाहिनी यांची गाठ मारतात. पुष्कळदा वेगळा दोरा न वापरता त्या एकमेकींनाच बांधून टाकतात. वरच्या त्वचेला बहुधा टाका घालत नाहीत. आत साचलेला स्राव निघून जावा म्हणून छेद उघडाच ठेवतात, तो आपला आपण मिटतो. एखाद्या बोक्याचा एक वृषण खाली उतरलेलाच नसतो, पोटातच राहिलेला असतो. त्याचं ऑपरेशन मोठं, पोटाला टाके पडतात आणि काळजीही जास्त दिवस घ्यावी लागते. त्यामुळे घरी निघताना "टाके आहेत का, काढायचे आहेत का," हे विचारून घ्यावं.

माझ्या मनातली एक खळखळ मात्र जात नव्हती. मुक्या जिवाला न विचारता आपण त्याचं काहीतरी कायमचं काढून घेतोय, हे खरंच होतं. गल्लीतले एक बुजुर्ग, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्यांनी विचारलंच, "शायरसाहब, हे जायज आहे का?" उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत. पण गरज असेल, जनावराला क्रूरपणे वागवलं जात नसेल, तर अनेकजण त्याला परवानगी देतात. मी चाचांना एवढंच म्हणालो, की लहानपणी अम्मानं मला एका बाईची गोष्ट सांगितली होती. तिनं मांजर कोंडून ठेवलं, त्याला खायला दिलं नाही, सोडलंही नाही, आणि त्यासाठी तिला शिक्षा झाली. मांजराचं काय केलं याचा हिशेब द्यावा लागतो, हे मला तेव्हापासून माहीत आहे. चाचा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग नीट सांभाळ त्याला."

सांभाळण्याची सुरुवात आदल्या रात्रीपासून होते. आमच्या डॉक्टर बाई तरुण आहेत, मला काका म्हणतात. त्यांनी सांगितलं, "काका, रात्री दहानंतर खायला काही नाही. पाणी सकाळपर्यंत चालेल." गुंगीत गिळण्याची क्रिया थंडावते. पोटात अन्न असलं आणि ते उलटून वर आलं, तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. अगदी लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांच्या रक्तातली साखर लवकर उतरते. म्हणून उपास किती तासांचा, हे आपल्या मनानं न ठरवता डॉक्टरांनाच विचारावं. बंड्या रात्रभर रिकाम्या ताटलीजवळ बसून माझ्याकडे बघत होता. रमजानचे रोजे मी लहानपणापासून करत आलोय, पण दुसऱ्याचा उपास सांभाळणं हे स्वतःच्या उपासापेक्षा अवघड, हे त्या रात्री कळलं.

दुपारी त्याला घरी आणलं. तुमचं मांजर गुंगीतून घरी येतं तेव्हा ते तुम्हाला परकं वाटतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा अर्ध्यावर आलेला, पाय झोकांड्या खाणारे. घाबरायचं नाही, गुंगी उतरेल तसं हे जातं. पण त्या वेळी आपल्याला काय वाटतं? उचलून मांडीवर घ्यावं, पलंगावर मऊ गादीवर ठेवावं. नेमकं तेच करायचं नाही. पलंगावरून ते पडेल. मांडीवर दचकून चावेल, कारण आपण कोण हे त्याला तेव्हा नीट उमगत नसतं. त्याला हवी असते एक छोटी, अंधारी, शांत खोली. जमिनीवर जुनी चादर किंवा टॉवेल. खिडकी बंद, दार बंद. चढायला कपाट नाही, टेबल नाही. घरात दुसरं मांजर असेल तर ते पहिला दिवस वेगळं ठेवावं. दवाखान्याचा वास घेऊन आलेल्या आपल्याच भावाला ते ओळखत नाही आणि अंगावर जातं.

गुंगीत मांजराच्या अंगातली उष्णता कमी होते, म्हणून ऊब द्यावी. पण इथंही हात आखडता. आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात तसा शेक द्यायला बायको निघाली होती. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावली आणि गुंगीतल्या मांजराला बाजूला सरकता आलं नाही, तर कातडी भाजते. पिशवी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून एका कडेला ठेवावी. हवं तर ते जवळ येईल, नको तर लांब जाईल, एवढी जागा त्याला असावी.

खाण्याचंही तसंच. पूर्ण शुद्धीवर येऊन सरळ चालायला लागल्यावर आधी थोडं पाणी. ते पोटात टिकलं तर संध्याकाळी रोजच्या खाण्याचा चौथा हिस्सा, फार तर निम्मा. एखादी उलटी झाली तर खाणं थांबवून सकाळी पुन्हा द्यावं. आणि दूध नको. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या गोष्टींतली, पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. ओल्या जखमेपाशी जुलाब म्हणजे घाणीला आमंत्रणच. शेजाऱ्यांनी आणलेल्या दुधाचा आम्ही चहा करून त्यांनाच पाजला.

आता शी-शूच्या ट्रेबद्दल. एरवी आपण त्यात माती, वाळू किंवा बाजारात मिळणारे दाणे घालतो. जखम उघडी असताना हे काहीच नको, कारण ती धूळ, ते कण जखमेला चिकटतात. त्याऐवजी वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या फाडून घालाव्यात आणि रोज बदलाव्यात. आठ-दहा दिवस आमच्या घरची जुनी रद्दी अशी सत्कारणी लागली. तिसऱ्या दिवशी बघतो तर पट्ट्यांमध्ये एका रविवारच्या पुरवणीत आलेली माझीच कविता. बंड्यानं तिच्यावर आपला अभिप्राय दिला होता. इतका स्पष्ट अभिप्राय मला अजून कुणी दिलेला नाही.

जखम दिवसातून दोनदा बघायची. हात लावून नाही, नुसती बघायची. थोडी सूज, थोडी लाली, पहिल्या दिवशी रक्ताचा एखादा थेंब, हे चालतं. पिशवीसारखा भाग काही दिवस तसाच फुगीर दिसतो, आणि पुष्कळांना वाटतं की ऑपरेशन झालंच नाही. ती नुसती सूज असते, हळूहळू ओसरते. पण सूज वाढतच गेली, रक्त थेंबाथेंबानं येतच राहिलं, पू आला, वास यायला लागला, तर फोन करायचा. हिरड्या गुलाबीऐवजी पांढऱ्या दिसल्या, श्वास जोरात चालला, परत परत उलट्या झाल्या, किंवा दुसऱ्या दिवशीही मांजर सुस्त पडून राहिलं, चोवीस तास काहीच खाल्लं नाही, तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठायचा.

एक गोष्ट जास्त लक्ष देऊन बघायची: तो शू करतोय की नाही. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. तो तुंबला तर बोका ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि थेंबही येत नाही. आपल्याला वाटतं, ऑपरेशनचं दुखतंय किंवा बद्धकोष्ठ झालंय. हे एक-दोन दिवसांत जीव घेणारं दुखणं आहे. अशा वेळी सकाळ होण्याची वाट बघू नये.

मांजराला दुखतंय हे ओळखायचं कसं, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. कारण मांजर कण्हत नाही. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव. त्यांनी मला सांगितलं, की मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पट्टी तयार केली आहे. पाच गोष्टी बघायच्या: कान बाजूला वळून चपटे झालेत का, डोळे किलकिले झालेत का, नाकातोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या खाली झुकलंय का. मी रोज सकाळी बंड्यासमोर बसून त्याचा चेहरा वाचायचो. इतकी वर्षं माणसांच्या चेहऱ्यांवर कविता केल्या, पण इतक्या सावकाश मी कुणाचा चेहरा वाचला नव्हता.

आता जे सांगायचं आहे, ते सांगायला मला जड जातं. दवाखान्यातून निघताना डॉक्टर बाईंनी एक कागद दिला. त्यावर वेदनेचे थेंब किती आणि केव्हा द्यायचे ते होतं, बंड्याच्या वजनाप्रमाणे मोजलेलं. खाली लाल शाईनं अधोरेखित केलेली ओळ होती: पॅरासिटामॉल देऊ नये. मी सहज विचारलं, "का हो? आम्ही तर लहान मुलांनाही देतो." त्या म्हणाल्या, "काका, माणसाचं यकृत ते औषध ज्या वाटेनं निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजराच्या शरीरात जवळजवळ नाहीच. मग त्याचं विष होतं. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहू शकत नाहीत. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. पाचशे मिलिग्रॅमची अर्धी गोळीसुद्धा मांजर मारू शकते."

मी तिथंच बाकावर बसलो. २००३ साली मन्या तापला होता, तेव्हा मी त्याला अर्धी गोळी दिली होती. चमच्यात कुस्करून, पाण्यात कालवून, मायेनं. रात्री त्याचं तोंड सुजलं, धाप लागली. मी समजलो, जखमेचं विष अंगात भिनलं. सकाळी तो गेला. मारामारी करणाऱ्या त्या दुसऱ्या बोक्याला मी इतकी वर्षं दोष देत होतो. तो बोका आपल्या परीनं चावला होता. गोळी मी दिली होती. जखमेनंही तो कदाचित गेला असता, पण त्याला वाचायची जी संधी होती ती मीच काढून घेतली. बाईंनी माझा चेहरा बघून पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला कोण सांगणार होतं?" ते बरोबर होतं. म्हणूनच आज तुम्हाला सांगतोय. मांजराला पॅरासिटामॉल नाही, ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेन नाही, आपल्या डब्यातली कुठलीच गोळी नाही. चुकून पोटात गेलीच, तर घरगुती उपाय करत बसू नये. लगेच डॉक्टरांकडे न्यावं, वेळेवर पोहोचलं तर यावर उतारा आहे. वेदनेचं औषध जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलंच, त्यांनी सांगितलं तितकंच. एक थेंब जास्त नाही, एक दिवस जास्त नाही.

जखमेला लावायच्या गोष्टींचंही तेच. हळद, खोबरेल, मलम, आपलं जंतुनाशक द्रावण, यातलं काही लावायचं नाही. मांजर जे अंगाला लागेल ते चाटून पोटात घेतं. जंतुनाशकांत आणि काळ्या फिनेलमध्ये फिनॉल जातीची द्रव्यं असतात, तीही मांजराला विषारी. म्हणून त्याच्या खोलीची फरशी साध्या पाण्यानं पुसावी, आणि दहा-चौदा दिवस त्याला आंघोळ घालू नये.

माझी दुसरी चूक कॉलरची. जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालतात, जुन्या ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखी. ती घालून बंड्या दाराच्या चौकटीला थडकायचा, पाण्याच्या भांड्यात कर्णा बुडवायचा, मागं मागं चालत जायचा. चौथ्या रात्री अडीच वाजता तो भिंतीशी डोकं घासत बसला होता. मला राहवलं नाही. एक रात्र सुखानं झोपू दे बिचाऱ्याला, असं म्हणून मी कॉलर काढली. तो खरंच झोपला. मीही झोपलो. सकाळी बघतो तर जखम लालभडक, ओली आणि सुजलेली.

जीभ जखम बरी करते, असं आपण ऐकत आलोय. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक टणक काटे असतात. हाडावरचं मांस खरवडून काढायची ती किसणी आहे. मिटत आलेली जखम त्या किसणीनं तासाभरात उकलते, आणि तोंडातले जंतू आत जातात ते वेगळंच. डॉक्टरांनी जखम साफ केली, औषध दिलं आणि म्हणाल्या, "आता दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा." म्हणजे दहाचे चौदा झाले. माझ्या एका रात्रीच्या दयेचा दंड बंड्यानं भरला. कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, इतकीच ती घट्ट असावी. खाण्याचं भांडं जरा उंच पाटावर ठेवलं की कर्णा अडत नाही. खाताना काढायचीच असेल तर समोर बसून, आणि खाणं संपताच परत घालायची. दोन दिवसांत मांजर तिला सरावतं. सरावायला वेळ लागतो तो आपल्याला.

जखम भरली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. ऑपरेशननंतर अंगातलं संप्रेरक हळूहळू ओसरतं, आणि आधी तयार झालेलं बीज काही आठवडे मार्गात शिल्लक असू शकतं. म्हणून सुमारे सहा आठवडे बोक्याला ऑपरेशन न झालेल्या मांजरीपासून दूर, घरातच ठेवावं. पिचकाऱ्याही दुसऱ्या दिवशी बंद होत नाहीत. दहापैकी नऊ बोक्यांची ती सवय सुटते किंवा पुष्कळ कमी होते, पण तिला काही आठवडे लागतात. तोवर ओरडून, मारून उपयोग नाही. बंड्याची सुटली. माझे गठ्ठे आता कोरडे आहेत, खपलेले मात्र अजून नाहीत.

आणि शेवटी पुन्हा खाण्यावर येतो. संप्रेरक गेलं की मांजराची भूक वाढते, आणि शरीराची गरज मात्र साधारण पाव हिश्श्यानं कमी होते. हे काही दिवसांतच सुरू होतं. जखमी म्हणून आपण लाड करतो, त्याला लाडाची सवय लागते, आणि वर्षभरात बोक्याचा गोळा होतो. लठ्ठ बोक्याला मधुमेह होतो, आणि मघाशी सांगितलेलं मूत्रमार्ग तुंबण्याचं दुखणंही त्यालाच जास्त होतं. म्हणून जखम भरताच खाणं मोजून, पाव हिस्सा कमी करून, दोन-तीन वेळा विभागून द्यावं. पाणी दोन-तीन जागी ठेवावं. नुसतं कोरडं खाणं न देता ओलंही द्यावं. वजन करायला वेगळा काटा लागत नाही. आधी आपण एकटे काट्यावर उभं राहायचं, मग त्याला घेऊन. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना लागल्या पाहिजेत. बंड्या ऑपरेशनच्या दिवशी तीन किलो आठशे ग्रॅम होता. आज तो चार किलो दोनशे आहे आणि डॉक्टर बाई तेवढ्यावर खूश आहेत.

परवा रात्री पाऊस थांबल्यावर मागच्या बोळात दोन बोके भांडत होते. तो लांबलचक, चढत जाणारा आवाज तुम्ही ऐकला असेल. बंड्या गठ्ठ्यांवर झोपला होता. त्याचे कान आवाजाच्या दिशेनं वळले, डोळे उघडले. खिडकीकडे बघत तो जरा वेळ बसला. त्याला काय वाटलं असेल, ते मला कळायचा मार्ग नाही. मी त्याच्या वतीनं ठरवलं होतं, आणि ते ठरवणं आता माझ्याकडेच राहणार. मग त्यानं कूस बदलली आणि तो परत झोपला.

डॉक्टरांनी दिलेला तो लाल शाईचा कागद मी आमच्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. बंड्या कधीच बरा झाला. तरी कागद काढलेला नाही.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)